समोरच्या दारातलं रडणं

समोरच्या दारातला मुलगा रडायला लागला की आमचा कांदिवलीचा अख्खा मजला जागा व्हायचा, आणि माझ्या पोटात दुखायचं. तो भरल्या दिवसांचा, मांड्यांना वळ्या असलेला. माझी मुलगी दिवस भरायच्या बरीच आधी आलेली. काचेच्या पेटीत राहून घरी आली ती नुसती झोपायची. दूध पितानाही मध्येच डोळे मिटायची. बघायला येणारे म्हणायचे, "किती गुणाचं बाळ." मी हसायचे. तेवढ्यात समोरून बोंब उठायची आणि वाटायचं, देवा, यातला थोडा आवाज माझ्या पोरीच्या घशात घातला असतास तर तुझं काय गेलं असतं?

जळायला कारणं पुष्कळ होती. समोरच्या बाईची आई बाळंतपणाला येऊन राहिली होती. रोज मालिश, शेक, अळिवाची खीर. वास आमच्या घरात. माझी आई मालवणकडच्या गावात, दारची गुरं टाकून येणार कशी? ती फोनवर सांगायची, "सव्वा म्हयनो झाल्याशिवाय चेडवाक भायर काढू नको गो." मी आठवीत शाळा सोडलेली. शिकलेल्या माणसांनी काही सांगितलं की मी घाबरते, आईनं सांगितलं की धीर येतो. मी आईचंच धरलं, पोरीला बाहेर काढायचं नाही.

हॉस्पिटलातून सोडताना डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, टाचेच्या रक्तात थायरॉइड ठीक आलंय, पण लवकर जन्मलेल्या बाळांचं आधी ठीक येऊन मागाहून बिघाड दिसू शकतो. पंधरा दिवसांनी परत आणा. सासूबाईंनी सव्वा महिना मोजायला घेतला तो मुलगी घरी आली त्या दिवसापासून. पेटीतले दिवस त्यांनी धरलेच नाहीत. "ते दिवस हॉस्पिटलचे. घराचा उंबरा कुठे ओलांडला होता तिनं?" मला ते बरोबर वाटलं. पंधरा दिवस येऊन गेले, आम्ही घरातच.

एका दुपारी समोरची वाटीभर खीर घेऊन आली. ही बँकेत नोकरीला, तरी बोलायला एकदम मोकळी. मी वाटी रिकामी करायला आत गेले, तर तिनं मुलीला मांडीवर घेतलं.

"अगं, ही एवढी गार का लागतेय?"

"पंखा चालू आहे ना."

"पंखा माझ्या पोराला पण असतो. आणि ही रडत कशी नाही गं कधी?"

मला वाटलं, आली मिरवायला. "सगळ्यांचीच पोरं गळा काढणारी नसतात," मी म्हटलं.

ती हसली. "टोमणा मार, चालेल. तपासायला परत कधी बोलावलंय?"

सासूबाईंनी थायरॉइडचं सांगितलं आणि आपला हिशेबही. ऐकून ती म्हणाली, "काकी, त्या थायरॉइडला सव्वा महिना कोण सांगणार? मी रिक्षा बघते. हिला गुंडाळा."

तिचा मुलगा तिच्या आईकडे रडत राहिला आणि ती माझ्याबरोबर रिक्षात बसली. हॉस्पिटलातसुद्धा मी जळतच होते. डॉक्टरबाईंशी ती बरोबरीनं बोलत होती, मी मागे पदर चाचपत उभी. टाच टोचली तेव्हा माझी मुलगी रडली, पण कसं, तर घसा बसलेल्या मांजरीसारखं.

थायरॉइड कमीच निघालं. वेळेवर कळलं, डॉक्टरबाई म्हणाल्या. हे औषध बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी लागतं, एक दिवस चुकवायचं नाही. गोळी चुरून, चमचाभर दुधात, सकाळी. लोहाचे थेंब गोळीसोबत नकोत, खूप नंतर द्यायचे. पुढे औषध थांबेल की चालूच राहील, ते तीन वर्षांची झाली की बघू.

"वेळेवर" म्हणजे नक्की किती वेळेवर, हे विचारायचं धाडस माझं झालं नाही. समोरचीनं विचारलं. "लवकरच आलात," असं उत्तर मिळालं. मी तिचा हात धरला. तो हात तिचा होता, याचंही मला वाईट वाटलं.

काही आठवड्यांनी माझी मुलगी खरंच रडायला लागली, दणक्यात. समोरचीनं दार वाजवलं. "घे गं जरा तिला, माझा आत्ता कुठे झोपलाय." तिचा तो वैतागलेला चेहरा मी डोळे भरून बघून घेतला.

अजून रोज सकाळी चमचा हातात घेतला की मनात तेच येतं: हिचं डोकं नीट चालेल ना? समोरच्या मुलाचा प्रत्येक शब्द, प्रत्येक पाऊल मी हिच्याशी ताडून बघते. तो आधी बसला, आधी उभा राहिला. जीव जळतो. त्याच्या आईनं माझी मुलगी वाचवली, हे ठाऊक असून जळतो.

परवा दोघं आमच्या लादीवर खेळत होती. माझीनं त्याच्याकडे नीट बघितलं, आपला खुळखुळा त्याच्या हातात दिला आणि तो खुळखुळ्याकडे बघत असताना त्याचं बिस्किट काढून घेतलं. त्यानं भोकाड पसरलं.

"अगं, ओरड तिला," समोरची म्हणाली.

ओरडले. पण आधी तिला ते बिस्किट चावून संपवू दिलं.