पोळ्याची रजा

मी घर सोडलं त्या दिवशी माझा भाऊ मला पोचवायला आला नाही. त्याची शाळा होती.

आंजीच्या स्टँडवर मी, आई, बाबा आणि चेन तुटलेली एक बॅग. वर्ध्याची एसटी यायची होती, वर्ध्याहून पुढे पुण्याची गाडी. प्रशांत तेव्हा नववीत. आई सकाळपासून म्हणत होती, एक दिवस राहू द्या त्याले, बहीण चालली. बाबा म्हणाले, "ती जाऊन राह्यली. हा काऊन शाळा बुडवते?" रस्त्याच्या पलीकडून प्रशांत दप्तर घेऊन गेला. वळणावर त्याने हात वर केला. मीही केला. मग एसटी आली आणि बॅग कुठे ठेवायची यावरून कंडक्टरशी माझं वाजलं. गाव मागे पडताना गळा दाटून येतो असं लोक लिहितात. माझा दाटला नाही. अजूनही दाटत नाही. खोटं कशाला लिहू?

हे मी आंजीत राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखं निघून पुण्यात, हैदराबादेत, कुठेकुठे जाऊन बसलेल्यांसाठीही. दोघांनाही थोडं लागेल. लागू दे.

बाबांचा नियम गावात सगळ्यांना ठाऊक होता. लग्न असो, कापूस वेचायचा असो, कोणाचं बारसं असो, आमची शाळा बुडायची नाही. दिवाळीनंतर वर्गातली अर्धी पोरं वावरात दिसायची, आम्ही बाकावर. कोणी बोलावणं घेऊन आलं की बाबा म्हणायचे, "मयत असली तं सांगा. तेबी घरातली." सहल नावाची गोष्ट आमच्या घरात नव्हती. मे महिन्यात मामाकडे तळेगावला जायचं, दारं लावून कुलरसमोर पडायचं आणि जून लागला की परत. मला त्याचं वाईट वाटलं नाही. सवय होती. आणि खरं सांगायचं तर त्याच नियमावर मी पुण्यापर्यंत आले.

पुण्यात मी ज्या संस्थेत काम करते ती मुलांच्या शाळेसाठी भांडते. माझ्याकडे पत्रकं लिहिण्याचं काम आहे. दोन रंगांत छापलेला कागद, वर मोठी ओळ, खाली तीन मुद्दे. सगळ्यात जास्त छापलं गेलेलं पत्रक माझंच: "गावाला जाताय? मूल शाळेत ठेवा." बांधकामांवरच्या वस्त्यांमध्ये आम्ही ते वाटायचो. गौरी-गणपतीला, पोळ्याला, दिवाळीला कुटुंबंच्या कुटुंबं गावी जातात, मुलं महिनाभर परत येत नाहीत आणि मग त्यांचं नाव वर्गातून गळतं. हे खरं आहे. मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

वाशिमकडची एक बाई होती, सिमेंटची पाटी उचलायची. तिच्या हातात पत्रक दिलं. तिने पोरीकडून वाचून घेतलं आणि मला म्हणाली, "ताई, गावाले तं जाच लागते. पोट्टीले ठेवू कोनापाशी? तुमच्यापाशी ठेवू का?" बाजूच्या बाया हसल्या. ती हसत नव्हती, पत्ता विचारत होती. खालच्या तीन मुद्द्यांत याचं उत्तर नव्हतं.

माझी मुलगी रेवा दुसरीत आहे. तिच्या शाळेत भिंतीवर कारंजं आहे आणि फी भरायला ॲप आहे. रेवा आंजीला जाते ती फक्त मे महिन्यात, कारण सुट्टी तेव्हा असते. मे महिन्यातली आंजी काय असते हे वर्धेकरांना सांगायची गरज नाही. सकाळी नऊनंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पोरगी आठ दिवस कुलरसमोर काढते, घामोळ्या घेऊन परत येते. शाळेत 'माझं गाव' असं चित्र काढायला सांगितलं तेव्हा तिने सगळा कागद तपकिरी खडूने भरला. झाडंही तपकिरी. मी विचारलं तर म्हणाली, "आबांकडे ग्रीन नसतंच ना मम्मा."

ते चित्र मी आईच्या मोबाइलवर पाठवलं. गंमत म्हणून.  तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन.

"रेवाले घेऊन येजो पोयाले. तान्हा पोया करू दे तिले."

"बाबा, शाळा आहे तिची."

"मंग बुडव."

फोन दुसऱ्याच कोणाच्या हातात गेला असं मला वाटलं.

"चार दिवसानं का कलेक्टर व्हायची राह्यते का पोट्टी?" बाबा म्हणाले. "गाव हिरवं असते हे तिले मालूम तं होऊ दे. नाईतं ते उन्हायालाच माहं घर समजून राह्यली."

माझा नवरा साताऱ्याकडचा. त्याने विचारलं, पोळा म्हणजे आमचा बेंदूरच ना? मी म्हटलं, बैलांचा पोळा तसाच, पण आमच्याकडे दुसऱ्या दिवशी पोरांचा असतो. लाकडी नंदी सजवायचा, दोरी धरून गावभर ओढायचा, दारोदार ओवाळून घ्यायचं आणि बोजारा घ्यायचा, कोणी खाऊ देतं, कोणी नाणं. तो म्हणाला, "भारी आहे की. पण सुट्टी कुठे आहे?"

सुट्टी वर्ध्यात आहे. रीतसर सरकारी, जिल्ह्यापुरती. पुण्यात तोच दिवस म्हणजे शाळा बुडवणं.

मुख्याध्यापिका बाई चांगल्या आहेत. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, फॅमिली व्हेकेशनसाठी टर्ममध्ये लीव्ह देत नाही, फक्त मेडिकल. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताप आला म्हणून कळवा ना. सगळे तेच करतात."

सगळे तेच करतात हे मला माहीत होतं. रेवाच्या वर्गात सिंगापूरला गेलेल्या मुलीला ताप होता. मालदीवला गेलेल्यालाही ताप. त्या हंगामात तिकिटं स्वस्त असतात, तेव्हा ताप येतो. पालकांच्या ग्रुपवर समुद्राचे फोटो पडतात, खाली कोणी लिहितं, 'सो मच एक्स्पोजर फॉर किड्स!' वस्तीतली मुलगी आजीकडे गेली तर ती गळती. विमानाने गेली तर एक्स्पोजर. या वाक्याचं पत्रक मला कधी छापता आलं नाही, कारण ते कोणत्या दारात वाटायचं?

मी खरं कारण सांगितलं. तान्हा पोळा.

"ही सुट्टी असते?" बाईंनी विचारलं.

"वर्ध्यात असते."

"हो, पण आपण पुण्यात आहोत."

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. विनापरवानगी गैरहजर लागेल, असं त्या म्हणाल्या, आणि सोमवारी युनिट टेस्ट आहे, ती चुकली तर पुन्हा घेणार नाही. मी म्हटलं, सोमवारी येईल. आणि आम्ही गेलो.

वर्ध्याहून ऑटोने आंजीला जाताना रेवा उघड्या बाजूने पूर्ण वेळ बाहेर पाहत होती. सोयाबीन, तूर, पराटी. पराटी म्हणजे कपाशी, तिला फुलं लागली होती. ती म्हणाली, "मम्मा, हे वेगळं गाव आहे का?" मी म्हटलं, तेच आहे. मला वाटलं होतं की या क्षणी मला काहीतरी होईल. ऑटोवाला म्हणाला, पुढं खड्डे हाय, पोरीले धरा. मी धरलं.

संध्याकाळी बाबांनी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळलं आणि दोघांच्या कानाशी जाऊन पोळ्याचं आवतण दिलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. रेवा थक्क. "आबा, यांना इन्व्हाइट करतात?"

"मंग? वर्षभर त्याईनं आपल्याले जेवू घातलं. न बोलावता थोडीच येते थे!"

तेव्हाच आई चुलीकडून म्हणाली, "रविवारी प्रशांतबी येते लेकराले घेऊन. तान्ह्या पोयाले."

"रविवारी कशाला?" मी म्हटलं. "तान्हा पोळा शुक्रवारी आहे."

आई बाबांकडे पाहू लागली. बाबा बैलाकडे.

गावाने तान्हा पोळा रविवारी ठेवला होता. गेल्या वर्षी नंदींच्या रांगेत मोजकीच पोरं होती, बाहेरगावचे कोणी आले नाहीत, म्हणून यंदा बैठकीत ठरलं: रविवारी घ्यायचा, म्हणजे नोकरीवाले येतील, कोणाची शाळा बुडणार नाही. आणि ही सूचना गावाच्या ग्रुपवर टाकली होती माझ्या भावाने. मी त्याला अमरावतीला फोन लावला.

"ताई, शुक्रवारी कोन येते? मले सुट्टी नाई, पोराची शाळा. आता केजीतबी टेस्ट घेते. रविवारी सगळ्याईले सोयीचं पडते ना."

 बाबांनीच वाढवलेला पोरगा. शाळा बुडवायची नाही हे त्याच्या हाडात गेलं आहे. बहिणीला स्टँडवर सोडायला न आलेला माणूस पोळ्यासाठी पोराला शाळेतून काढेल होय? त्याने शाळा जागेवर ठेवली आणि सण सरकवला.

मी बाबांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

"होतं."

"मग सांगितलं का नाही? रविवारी दुपारीच आमची परतीची गाडी आहे. सोमवारी टेस्ट आहे तिची. तान्हा पोळाच नाही तर मी तिची शाळा कशासाठी बुडवली?"

"सांगतलं असतं," बाबा म्हणाले, "तं तू रविवारची जुळवून आली असती अन् रविवारीच गेली असती."

त्यांनी हळदीचे हात धोतराला पुसले. आई म्हणाली, धोतर खराब केलं.  मला राग यायला हवा होता. मी राग आणण्यात तयार आहे, त्याचाच पगार घेते. आला नाही. मी फक्त रेवाचे कपडे बॅगेतून काढून खुंटीला लावले.

पोळा झाला. शुक्रवारी सकाळी बाबांनी वर्ध्याच्या बाजारातून आणलेला नंदी काढला, चाकांना तेल दिलं, शिंगांना बेगड लावली. रेवाच्या हातात दोरी दिली. म्हणाले, चाल.

सगळ्या गावात एक पोरगी, एक नंदी आणि मागे एक म्हातारा माणूस. मी त्यांच्या मागे.

पहिल्याच दारात बाई म्हणाली, "काका, आज कुठं? रविवारी ठेवला ना."

"कॅलेंडरात आज हाय."

"अन् बाकीचे पोट्टे?"

"हे काय, आनली ना एक."

बाई आत गेली. खूप वेळ आली नाही. मग ओल्या हाताने आरती घेऊन आली, खाऊ म्हणून मुठीत साखर. पुढच्या ओट्यावरून एक आजोबा ओरडले, "एकटीचाच पोया! पहिला नंबर तुयाच व माय!" लोक हसले. रेवाही हसली, तिला बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं. गावातली पोरं घरीच होती, सुट्टी होती त्यांना. ती ओट्यांवर बसून बघत होती. त्यांचे नंदी रविवारसाठी आत ठेवलेले. एका पोरीने विचारलं, "तुले रविवार नाई का?"

रेवा म्हणाली, "मला मंडेला टेस्ट आहे."

त्या पोरीने मान हलवली. तिला ते लगेच समजलं.

बाबा एकही दार न गाळता गेले. काही घरांना कुलूप होतं. तिथेही ते थांबले, नंदी दाराकडे वळवला, मग पुढे. ती कुणाची घरं होती हे मी नावानिशी लिहू शकते. तुमचीच आहेत. लिहीत नाही.

रविवारी दुपारी आम्ही निघालो. वाटेत प्रशांतने व्हिडिओ पाठवला. भरपूर पोरं, लाउडस्पीकर, गाड्यांची रांग. छान झाला म्हणे. अंधार पडायच्या आत सगळे परतही गेले, कारण दुसऱ्या दिवशी शाळा.

संस्थेच्या बैठकीत मी सांगितलं की ते पत्रक मागे घ्या. सहकारी म्हणाला, मग काय लिहायचं, शाळा बुडवा? नाही. शाळा बुडवायची नाही हे बाबांचं मी अजून मानते. लिहायचं हे, की गावाला जाणं हे कारण आहे, ते कारण म्हणून शाळेने घ्यावं, पाटी उचलणाऱ्या बाईचंही आणि माझंही, आणि त्याला ताप म्हणायला कोणाला लावू नये. तो म्हणाला, पत्रकाला लांब होतंय. झालं असेल.

घर म्हणजे आता मला काय वाटतं, ते सांगून थांबते. बाकी सगळं माझ्या सोयीने होतं. किराणा दारात येतो, डॉक्टर फोनवर दिसतो. एक जागा अशी राहू दे जी माझ्या सुट्टीप्रमाणे सरकत नाही. आपण निघून आलेले लोक गावाकडे पुष्कळ काही मागतो, निदान रविवार मागू नका. पोळ्याच्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होऊ दे. आपल्याला जमलं तर जाऊ. नाही जमलं तर आपलं दार बंद दिसेल, दिसू दे.

सोमवारी रेवाने टेस्ट दिली. वर्गात मिसने विचारलं, कशी आहेस, ताप उतरला का? ती म्हणाली, मला ताप नव्हताच, मी आबांकडे होते.