कांद्याच्या रोपाची सावड

आमच्या गावात कांद्याची लागण मजुरीवर होत नसे, सावडीवर व्हायची. आज साऱ्या बाया एकीच्या वाफ्यात, उद्या तिच्यासकट दुसरीच्या. जी सावड बुडवी तिच्या नावानं वर्षभर बोटं मोडली जायची, आणि बोटं मोडण्यात आमची आई पहिली.

मग चाकणच्या कंपन्या सरकत सरकत शिवारात आल्या. भावकीची रानं गेली, तिथं शेड आणि भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. आमचे दहा गुंठे तेवढे उरले, तेही कंपनीच्या भिंतीला टेकून. गेल्या हिवाळ्यात आईनं रोप टाकलं तेव्हाच मी विचारलं होतं, "लावणार कोण?"

"बाया येतील की. आजवर कवा राहिलंय व्हय?"

रोप तयार झालं आणि ती घरोघर फिरली. कुणाच्या दारात भाडेकरूंच्या गाड्या, कुणाची सून फर्स्ट शिफ्टला. सगळीकडे चहा मिळाला, बाई मिळेना. एकीनं तर तोंडावरच सांगितलं, "येईन गं, पण तू सावड फेडणार कुठं? आमच्याकडं रान हाय का आता?"

आई त्या दिवशी जेवली नाही. तिकडे रोप जून होत चाललं होतं. जून रोपाला कांदा कमी आणि फुलाचे डेंगळेच जास्त.

गुरुवारी मला कंपनीची सुट्टी. वाफ्यात पाणी सोडून आम्ही दोघं चिखलात बसलो. आई म्हणाली, "हळू. रोप लावतोस का बोल्ट आवळतोस?" तेवढ्यात माझी चुलती आली. तिचंही रान गेलेलं. तिनं पदर खोचला आणि आईशेजारी बसली. रोप संपेपर्यंत ती रोज आली.

लागण उरकल्यावर आई म्हणाली, "आता मी कवा येऊ, सांग."

"कुठं येतीस? राहू दे."

"राहू दे कसं? सावड हाय ती."

आई हट्टालाच पेटली. शेवटी चुलतीनं उरलेलं मूठभर रोप उचललं. "बरं, उद्या गच्चीवर ये."

सकाळी मी आईला गाडीवरून सोडलं. तिनं लागणीचं जुनं लुगडं नेसलं होतं, दुपारची भाकरी बांधून घेतली होती. मीही तिच्यामागं वर गेलो. गच्चीवर रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या मातीनं भरलेल्या होत्या. खालून चहा येईस्तोवर लागण संपली.

"झालं?" आईनं विचारलं.

"झालं की."

आई उठली नाही. तिनं नीट बसलेलं एक रोप उपटलं आणि त्याच जागी परत लावलं. मग दुसरं उपटलं. चुलती तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं दुसरी बादली पुढ्यात ओढली आणि तीही उपटून लावू लागली.