संगप्पाची तहान

संगप्पा धनशेट्टी आमच्या उदगीरचा हार्डवेअरवाला. पन्नाशीत त्याला सायकलचं वेड लागलं, आणि मी यासेर, सायकलचा दुकानदार नि शाळेपासूनचा दोस्त, म्हणून सगळे भोग माझ्या वाट्याला आले. पहिल्यांदा लांबवर जाऊन आला तेव्हा कितीतरी दिवस गल्ल्यावर उभाच होता, बसायची सोय नव्हती. मग मी त्याला बिब शॉर्ट, म्हणजे सायकलस्वारांची तंग चड्डी, मागवून दिली. खाली मऊ गादी, वर खांद्यांवरून पट्टे, काळा रंग, बाजूला मोरपंखी रेघ. गडी आरशासमोरून हलेना. गावातून निघताना मात्र लाजून वरून पायजमा चढवायचा आणि वेशीबाहेर काढायचा.

त्याच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असायचं. लिंगायत माणूस ते अंगावेगळं करत नाही. संगप्पाच्या घरात तर ते अंगावर नसेल तर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, असा नेम. सायकलवर वाकलं की डबी लोंबकळून हँडलवर आपटायची. बिब शॉर्ट छातीवर घट्ट बसते, म्हणून हा शहाणा डबी तिथे खोचू लागला. आणि पट्ट्याखाली दोरा काचतो म्हणून मे महिन्यातल्या त्या रविवारी त्याने दोराच काढून घरी ठेवला. मला कळलं असतं तर चार शिव्या घातल्या असत्या.

निलंग्याच्या हॉटेलात पुढ्यात इडली आली. संगप्पाने छातीकडे हात नेला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. वाटेत तो एका बाभळीमागे लघवीला गेला होता. बिब शॉर्टची तेवढीच एक अडचण, पट्टे उतरवल्याशिवाय काही होत नाही. डबी तिथेच पडली असणार. त्याने पाण्याचा ग्लास बाजूला सारला आणि आम्ही माघारी फिरलो.

बाभळीखाली आम्ही गवत, काटे, दगड सगळं पालथं घातलं. डबी नव्हती. ऊन डोक्यावर आलं. मी बाटली पुढे केली.

"सापडंपर्यंत पानी न्हाई," तो म्हणाला.

मी रोजे धरतो, तहान मला नवी नाही. पण रोजा संध्याकाळी सुटतो. हा कधी सुटणार होता? टेम्पो थांबवतो म्हटलं तर तो जागचा हलेना. थोड्या वेळाने त्याचा घाम बंद झाला आणि तो एकच दगड पुन्हा पुन्हा उलटू लागला. मी घाबरलो. हा माझ्यासमोर इथेच जातो की काय, असं वाटलं. शेवटी त्याच्या आईला, उमादेवी अव्वांना फोन लावला. ऐंशीच्या घरातली, नेमाला कडक बाई. त्यांना सांगायचीही भीती वाटत होती.

अव्वांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "फोन त्याच्या कानाला लाव."

मी स्पीकर चालू केला.

"संगू, पानी पी. स्वामी दुसरं लिंग देतील. मला दुसरा संगू कोण देनार?"

तो लहान पोरासारखा रडला आणि पाणी प्याला. मीही रडलो, लपवत नाही. मग टेम्पोत सायकली टाकून आम्ही सरळ मठात गेलो. स्वामींनी विधी करून त्याच्या गळ्यात नवं लिंग बांधलं, तोवर दिवस कलला होता.

घरी पोचलो तर अव्वा दारातच भिंतीला टेकून बसलेल्या. ओठ सुकून पांढरे झालेले. संगप्पाची बायको मंजुश्री घाबऱ्या आवाजात म्हणाली, "फोन आल्यापासून अव्वांनी पान्याचा थेंब घेतला न्हाई. किती विनवलं, ऐकंनात."

दिवसभर मी ज्याच्यासाठी जीव मुठीत धरून होतो, तो तर पाणी प्यालेला होता.

अव्वांनी लेकाच्या गळ्याकडे पाहिलं आणि हळूच पाणी मागितलं. ग्लास त्यांच्या हातात ठरेना, म्हणून संगप्पानेच तो त्यांच्या ओठांना लावला.