नंबर ताईला विचार

फोन वाजला की ताई लगेच उचलत नसे. ओला हात पुसायची, खुर्ची ओढायची, चष्मा चढवायची आणि मग दहा कामांतून उठून आल्यासारखं “हं, बोल” म्हणायची. कामं म्हणाल तर दोन खोल्यांत एकट्या बाईला असतात तेवढीच. सकाळी दहाच्या आत हातावेगळी व्हायची.

“ताई, मीच.” धाकटा भाऊ. “डावीकडचा आरसा गेला गं. कुणीतरी घासून गेलं.”

“नुसती काच फुटली की आख्खा आरसा?”

“काच.”

“मग काचेचाच नंबर घे. शोरूमवाले आख्खा आरसा गळ्यात मारतील.”

“म्हणून तर तुला फोन केला ना!”

ताईने सव्वीस वर्षं मोटारींच्या एका शोरूममध्ये सुट्या भागांच्या खिडकीत काढली होती. स्वतः कधी स्टिअरिंगला हात लावला नाही, पण कुठल्या गाडीचा कुठला भाग कुठल्या खोक्यात येतो, ते तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. हेही तिला ठाऊक होतं की तेच कंपनीचं खोकं, तेच सील, गोदामामागच्या घाऊक दुकानातून शोरूमच्या खिडकीपर्यंत येईतो जवळजवळ दुपटीला जातं. घाऊक दुकानदार कुणालाही माल देई, पण त्याला पार्ट नंबर लागे. नुसतं “आरसा द्या” म्हणणाऱ्याकडे तो मान वर करून बघतसुद्धा नसे. शोरूमवाले नंबर सांगत नसत. म्हणून निवृत्त झाल्यावरही लोक ताईला फोन करत. मावसभाऊ, शेजारणीचा जावई, दाताचा डॉक्टर. आणि सगळ्यांत जास्त हा भाऊ, कारण त्याची गाडी बारा वर्षांची होती आणि रोज तिचं काही ना काही दुखायचं.

“कितव्या सालातली रे तुझी?” ताई विचारायची. साल तिला पाठ होतं.

भाऊ सांगायचा.

“महिना? मध्ये डिझाइन बदललंय, म्हणून विचारते.”

महिना सापडेपर्यंत कपाट उघडायचं, भावजय मागून ओरडायची, “ताईंना म्हणावं, नणंद म्हणून फोन कधी यायचा तुमचा? आम्ही आपलं गॅरेजच समजतो तुम्हाला!” ताई हसायची. मग पुतणीची परीक्षा कधी, पाणी येतंय का, असं हळूच मध्ये घालून घ्यायची. नंबर दुसऱ्याच प्रश्नाला तिच्या जिभेवर आलेला असे, पण ती पाच-सहा प्रश्न विचारल्याशिवाय तो सोडत नसे. एकदा नंबर दिला की “थँक्यू ताई, ठेवतो” व्हायचं. पुढचं काही बिघडेपर्यंत चिडीचूप.

आणि एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. नोकरीच्या शेवटच्या वर्षात कंपनीने आपली सगळी यादी फोनवर खुली केली होती. गाडीच्या पुस्तकातला सतरा अक्षरांचा चासी नंबर टाकायचा, की आख्खी गाडी चित्रांत उलगडायची. प्रत्येक नट, प्रत्येक वायसर, शेजारी त्याचा नंबर. पाच मिनिटांचं काम. दाताच्या डॉक्टरलाही जमलं असतं.

डोळ्याच्या ऑपरेशनचंही तिने कुणाला सांगितलं नाही. मोतीबिंदू तर आहे, त्यात काय. खालच्या मजल्यावरची शेजारीण रिक्षाने घेऊन गेली, दुसऱ्या दिवशी घेऊन आली. घरी आल्यावर ताईने बंद ठेवलेला फोन सुरू केला आणि उघड्या डोळ्याजवळ धरून पाहिला. भावाचे अकरा फोन येऊन गेले होते.

अकरा! कळलं म्हणायचं याला. शेजारणीनेच सांगितलं असणार. ती उठली, पलंगावरची चादर नीट केली, बिस्किटांचा डबा पुढे काढून ठेवला. संध्याकाळी भाऊ खरंच दारात उभा राहिला.

“काय गं ताई, आहेस कुठे? दोन दिवस फोन लावतोय—” आणि मग त्याला पट्टी दिसली. “अगं, डोळ्याला काय झालं?”

म्हणजे कळलं नव्हतं.

“मोतीबिंदू काढला. बस.”

“सांगायचं नाही का? आम्ही काय मेलो होतो?”

“एवढं काय त्यात. तू का फोन करत होतास?”

भाऊ ओशाळला. “जाऊ दे. आता नको.”

“सांग.”

मग त्याने खिशातून बिल काढलं. मागचं दार बाहेरून उघडेना. ताई फोन उचलेना. सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून गाडी शोरूमलाच नेली. त्यांनी आख्खं लॉक बदललं.

“आतली सळी सुटली होती का?” ताईने विचारलं.

“हो, तसंच काहीतरी म्हणाले. क्लिप तुटली म्हणे. पण सुटी मिळत नाही.”

“मिळते. नखाएवढी असते.” तिने बिल उघड्या डोळ्याजवळ नेलं. त्या आकड्यात क्लिपांचं पोतं आलं असतं.

“तुझ्या भरवशावर राहतो बघ आम्ही,” भाऊ म्हणाला. रागाने नाही, लाडानेच. पण ताईला ते लागलं. सव्वीस वर्षं ती खिडकीत बसून लोकांना हेच ऐकवत आली होती: सुटं मिळत नाही. निवृत्त झाल्यावरही ती मध्येच बसून राहिली होती. वरचा भाव तिचाही होता, फक्त ती तो गप्पांत वसूल करत होती.

“गाडीचं पुस्तक आहे खाली?”

“आहे. का?”

“घेऊन ये.”

ताईला एका डोळ्याने पुस्तकातलं बारीक अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून कुठे काय टाकायचं ते तिने तोंडाने सांगितलं आणि भावाने आपल्या फोनवर बोटाने टाइप केलं. तीनदा चुकला. “ओ नाही रे, ओ वाटतोय तो शून्यच असतो. ओ नसतोच त्यात.” चौथ्या वेळी गाडी उघडली. दार उघडलं, दाराच्या आतलं लॉक उघडलं, आणि कोपऱ्यात ती क्लिप आपल्या नंबरासकट दिसली.

“आयला!” भाऊ लहान मुलासारखा खूश झाला. आरसा शोधला, वायपर शोधला. तासभर खेळत बसला. ताईने चहा केला, तो त्याने न बघता प्यायला. मग तो थांबला.

“हे कधीपासून आहे गं?”

“झाली चार वर्षं.”

“मग तू मला महिना कसला विचारायचीस दर वेळी?”

ताईने बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावलं. भावाने तिच्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, आणि उगाच कप उचलून मोरीत नेऊन धुतला. आजवर त्याने तिच्या घरात कप धुतला नव्हता.

पहिले दोन दिवस त्याने थेंबांची आठवण करायला फोन केला. मग काम असेल. मावसभावाला त्याने शिकवलं, मावसभावाने शेजारणीच्या जावयाला. पट्टी निघाली, नवा चष्मा आला. सहा आठवडे फोन वाजला तो फक्त बँकेचा.

एका रविवारी दुपारी ताईने स्वतःच भावाचा नंबर लावला. तिने त्याला असा फोन शेवटचा कधी केला होता, ते तिलाही आठवेना.

“ताई? काय झालं?” भाऊ घाबरूनच बोलला.

“काही नाही.”

“डोळा?”

“छान आहे. सुई ओवते आता.”

“थेंब?”

“संपले. बंद केले डॉक्टरांनी.”

“बरं.” मागे टीव्ही चालू होता. “गाडी पण बरी चालतेय.”

“हो का.”

दोघांचंही संपलं. महिना विचारायचा नव्हता, साल विचारायचं नव्हतं. भाऊ वाट बघत होता, ती कामाचं कधी सांगते याची. मग म्हणाला, “ठेवू मग?”

“नको,” ताई म्हणाली. “जरा थांब.”

टीव्हीचा आवाज बारीक झाला. खुर्ची ओढल्याचं तिला ऐकू आलं.

“बोल ना,” भाऊ म्हणाला.

“बोलते,” ताई म्हणाली, आणि काय बोलावं ते शोधू लागली.