उसवायचं काम

आमच्या घरात आई आणि आत्या यांच्यात जे चाललं होतं त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडणात माणसं एकमेकांशी बोलतात. या दोघी माझ्यामार्फत बोलायच्या. "तुझ्या आत्याला सांग, ओला टॉवेल असा बोळा करून टाकत नाहीत." आत्या हाताच्या अंतरावर बसलेली. मी मान वळवून निरोप द्यायचा आणि आत्याने माझ्याकडे बघत आईला उत्तर द्यायचं. मी कॉलेजात जायला लागले तरी ही बिनपगारी नोकरी सुटली नाही. बाबा अशा वेळी वर्तमानपत्रात इतके बुडायचे की घराला आग लागली असती तरी त्यांनी आधी पान उलटलं असतं.

अबोल्याचं मूळ आत्याच्या नोकरीत होतं. पंप बनवणाऱ्या एका कंपनीची रेकॉर्ड रूम ती सांभाळायची. एकदा आई माहेरी गेली असताना तिने उपकार म्हणून आमचं स्वयंपाकघर लावून काढलं. डबे ओळीत, प्रत्येकावर नंबर, आणि कपाटाच्या दाराला आतून यादी. आई परत आली, मीठ शोधू लागली, सापडलं नाही. "चिमूटभर मिठासाठी आता मी अर्ज करायचा का?" एवढंच म्हणाली आणि तिथून पुढे आत्याशी थेट बोलणं बंद. आत्याही कमी हट्टी नव्हती. माफी मागायला आधी चूक असावी लागते, असं तिचं म्हणणं.

तरी घर नीट चाललं, कारण आत्या सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. दिवसभर घर आईचं. ती खिडकीपाशी मशीन घेऊन बसायची आणि लोकांचे कपडे उसवून सैल किंवा घट्ट करून द्यायची. आत्याचं राज्य तिकडे, आईचं इकडे, मधे मी.

आत्याची ती खोली मला अजून स्वप्नात दिसते. लोखंडी मांडण्या, चाकांची शिडी, जुन्या कागदाचा आणि मेणाचा वास. विकलेल्या प्रत्येक पंपाची एक फाईल. तिच्यात त्याचा नकाशा, पत्रं, तक्रारी. फाईल पूर्ण झाली की आत्या दाभण घेऊन मेण लावलेल्या दोऱ्याने ती डाव्या समासात शिवून टाकायची. पिना गंजतात म्हणून तिला पिनांचा राग होता. आणि समासात कारागिरांनी पेन्सिलीने लिहून ठेवलेलं असायचं: "झडप उलटी बसते, ठोकू नये." "याला तेल पाजलं की गप्प बसतो." जुना पंप दुरुस्तीला आला की कारागीर नकाशा नंतर बघायचे, समास आधी.

मग कंपनीने सगळं संगणकात घालायचं ठरवलं. त्याचं कंत्राट घेतलेला माणूस आला. आम्ही त्याला स्कॅनिंगवाला म्हणायचो. मशीनला पानं सुटी लागतात, म्हणून त्याने बाईंडरकडे असतं तसलं कटर आणलं होतं. पातं एकदा खाली आलं की शिवण गेली, सोबत समासही गेला. आत्याने साहेबांकडे जाऊन सांगितलं, कापू देणार नाही. साहेब सरळ माणूस होता. म्हणाला, "हाताने उसवा. पण महिनाअखेरीपर्यंत. उरेल ते पात्याखाली." फायली संपल्या की रेकॉर्ड रूम बंद आणि आत्या निवृत्त, हेही त्याच दमात ठरलं.

आता आत्याची पंचाईत बघा. एकेक फाईल उसवली की ती एकेक पाऊल घराजवळ येणार. मला विचाराल तर सुरुवातीला ती सरळ वेळ काढत होती. प्रत्येक गाठ नखाने सोडवायची, अख्खा दोरा ओढून घ्यायची, वर त्याची गुंडाळी करायची. मी डबा द्यायला गेले तेव्हा म्हणाली, "दिवसभर त्या घरात मी बसू कुठे गं? तुझ्या आईच्या मांडीवर?" इकडे आई मला विचारायची, "तुझ्या आत्याचं काम संपतंय कधी?" ऑपरेशनची तारीख विचारावी तसा तिचा आवाज व्हायचा.

अर्धा महिना असा गेला. मग स्कॅनिंगवाल्याने आत्याला उरलेल्या मांडण्यांतून एक चक्कर मारून आणली आणि तिचं धाबं दणाणलं. दुसऱ्या दिवसापासून ती जिवाच्या आकांताने उसवू लागली. पण मेण वाळून दोऱ्याची तार झालेली. बोटांची टोकं फुटली. रात्री जेवताना तिला चमचा धरवेना. आईने ते पाहिलं आणि मला काही निरोप दिला नाही.

सकाळी आईने मशीनवर कापड टाकलं, आपली छोटी कात्री पिशवीत घातली आणि मला म्हणाली, "चल, ते ऑफिस दाखव." इतक्या वर्षांत तिने त्या इमारतीचं तोंड पाहिलं नव्हतं.

आत्या गाठीशी झटापट करत होती. आई थोडा वेळ उभी राहून बघत राहिली, मग तिला राहवेना.

"गाठीच्या नादी कशाला लागता, वन्सं? गाठीला हातच लावायचा नाही. टाके मधूनमधून कापा आणि मागून ओढा."

मी दोघींच्या मधे उभी होते. माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

"पान फाटलं तर?" आत्या म्हणाली.

"लोकांचे लग्नातले कोट उसवलेत मी. आणा इकडे."

तिने चार ठिकाणी कात्री टेकवली आणि दोरा निमूट बाहेर आला. आत्याने पान उजेडात धरून तपासलं. फाटलं नव्हतं. मग तिने स्टूल ओढून दिलं.

त्या दिवसापासून आई रोज गेली. मीही कॉलेज बुडवून जायचे, कारण असला तमाशा फुकटात कोण सोडेल? आत्याला फायली क्रमाने हव्या, आईला हाताला येईल ती. यावरून दोघींचं खणखणीत वाजायचं, थेट, माझ्याशिवाय. मधेच आई समासातलं वाचून हसायची. "हा कोण हो, वन्सं? 'साहेबांना चौथ्यांदा सांगितलं' म्हणून लिहिणारा?" की आत्या त्या माणसाची सगळी कुंडली सांगायची. आत्या दिवसभर काय करते, हे आईने पहिल्यांदाच ऐकलं.

एकदा जिन्यात मी आईला म्हटलं, "तू हात असा चालवलास तर आत्या लवकर मोकळी होईल. मग ती दिवसभर घरीच."

"कळतं मला," आई म्हणाली. "म्हणून काय तिला बोटं फोडून घेऊ देऊ?"

स्कॅनिंगवाल्याने कटर जसं आणलं तसंच परत नेलं. एकही समास कापला गेला नाही.

आत्या घरी आली म्हणून गोडीगुलाबी झाली, असं कोणी समजू नये. दोघींना भांडायला आता अख्खा दिवस मिळाला आणि त्यांनी तो वाया घालवला नाही. पण खिडकीपाशी दुसरी खुर्ची आली. आई मशीन चालवायची, आत्या उसवून द्यायची, आणि माझी निरोप्याची नोकरी गेली. ते दिवस आठवले की मला घरात पाऊल टाकताच ऐकू येणारा तो दोन आवाजांचा कलकलाट हवासा वाटतो. तेव्हा मी कान झाकायचे.

आत्या गेल्या वर्षी गेली. मी आता त्याच कंपनीत दुरुस्ती विभागात आहे. जुना पंप आला की नंबर टाकते आणि पान उघडतं, पेन्सिलीच्या शेऱ्यासकट. परवा घरी लॅपटॉपवर काम करत बसले होते तर आई शेजारी येऊन बसली. म्हणाली, "तुझ्या आत्याचं काम दाखव बघू."

मी एक जुनी फाईल उघडली. आईने चष्मा लावला. मला वाटलं शेरे वाचेल, पण तिने बोट समासावर ठेवलं. तिथे बारीक काळे ठिपके होते, एकाखाली एक. दाभण जिथून गेली होती ती छिद्रं. असे ठिपके पुसायची सोय स्कॅनिंगच्या प्रोग्रॅममध्ये असते. ती कोणी वापरली नव्हती. आईने बोट वरून खाली नेलं. "दुसरं दाखव." मी दुसरी फाईल उघडली, मग तिसरी. सगळीकडे तेच अंतर, तीच रेघ.

"पट्टी नसायची तिच्याकडे?"

"नाही."

आईने पडद्यावरच्या रेघेवरून पुन्हा बोट फिरवलं.

"किती सरळ हात होता गं वन्संचा," ती म्हणाली. "मी नुसती उसवत गेले. बघितलंच नाही."

मी पुढची फाईल उघडली.