खलास या शब्दाची चौकशी

खात्यातली बरीच प्रकरणं आता डोक्यात पुसट झाली आहेत, पण एक चौकशी काही केल्या मनातून जात नाही. गंमत अशी, की ती मी निवृत्त झाल्यावर केली, अंगावर वर्दी नसताना आणि परक्या मुलखात.

पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो, पाठोपाठ बायको कॅन्सरनं गेली आणि रिकामं घर खायला उठलं. म्हणून रियाधला, अल सुलैमधल्या एका कामगार कॅम्पवर सुरक्षा अधिकाऱ्याची नोकरी धरली. गेटवर इकामे, म्हणजे तिथले राहण्याचे परवाने तपासायचे, खोल्यांमधली भांडणं मिटवायची, जेवणाच्या रांगेत घुसणाऱ्याला मागे धाडायचं. ठाणे अंमलदाराचंच काम, फक्त शिव्या कमी.

एका सकाळी साताऱ्याकडचा एक इलेक्ट्रिशियन केबिनमध्ये आला. चाळिशीचा गडी, पण सौदीत नवाच. दार लावून घेत म्हणाला, "साहेब, माझ्या खोलीत खुनी हाय."

खबर अशी होती. त्याच्या खोलीतला रत्नागिरीचा एक फिटर घरी फोनवर बोलताना रडत होता, आणि रडता रडता म्हणाला, 'चाचाला मीच खलास केलं.' हा चाचा म्हणजे कॅम्पातला जुना वेल्डर, रायगडच्या किनाऱ्याचा. पोटाच्या कॅन्सरनं इस्पितळात नुकताच वारला होता. तो आणि फिटर कित्येक वर्षं एका खोलीत राहिले होते.

खबऱ्या ऐकतो एक आणि सांगतो भलतंच, हे मी फौजदार होतो तेव्हापासून पाहत आलोय. त्याला समोर बसवून विचारलं, "खलास 'केलं' म्हणाला की खलास 'म्हणालो' म्हणाला? नीट आठव."

तो डोकं खाजवू लागला. "म्हणालो... आसंच कायतरी. पण साहेब, खलास म्हंजे खलासच की!"

तिथेच घोळ होता. साताऱ्यात खलास म्हणजे माणूस संपवला. सौदीत मात्र हा शब्द उठता बसता कानावर पडतो. झालं, पुरे, ठीक आहे, सगळ्याला खलास. इलेक्ट्रिशियनला तंबी दिली, की यातलं अवाक्षर बाहेर गेलं तर गाठ माझ्याशी आहे. परक्या देशात खुनाची अफवा म्हणजे त्या फिटरच्या आयुष्याशी खेळ होता.

दुपारच्या सुट्टीत फिटरला बोलावलं. चहा दिला आणि गप्प बसलो. चौकशीत गप्प बसण्यासारखं हत्यार नाही. त्याचा डावा हात कामावर भाजलेला होता, फोड फुटून सुजला होता, आणि दवाखान्यातून दिलेल्या गोळ्यांचं पाकीट खिशात तसंच होतं, न फोडलेलं.

"गोळी का घेत नाहीस?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो बोलू लागला. शेवटच्या दिवशी चाचा वेदनेनं ओरडत होता. नर्स इंजेक्शन घेऊन आली आणि तिनं अरबीत काहीतरी विचारलं. याला धड कळलं नाही, थकलेला होता, म्हणून 'खलास, खलास' म्हणाला. तिनं सुई दिली, चाचा शांत झाला. हा नमाजाला गेला, परत आला तर चाचा गेलेला.

"मी तिला पुरे म्हणालो, साहेब, त्यावरच तिनं त्याला संपवायची सुई दिली असेल. आणि नुसता तो गेला म्हणून नाय रडत मी. दुखण्यानं माणसाचे गुन्हे झडतात, झाडाची पानं झडतात तसे. त्याचं सोसायचं थोडं राहिलं असेल आणि मी मधेच थांबवलं असेल, तर तिकडं त्याचं काय? म्हणून त्याच्या वाटचं मी सोसतो."

मला राग आला. त्याचा नव्हे. माझी बायको तळमळत असताना समाचाराला आलेली शहाणी माणसं म्हणत, 'भोग आहेत, भोगूनच संपवावे लागतात.' तेव्हा एकेकाला दाराबाहेर काढावंसं वाटलं होतं. तोच राग परत वर आला.

शुक्रवारी सुट्टी होती. इस्पितळात गेलो. ती नर्स केरळची, हिंदी बरी बोलायची. म्हणाली, "इंजेक्शन दर्द का था, डॉक्टर ने लिखा था। उसमें इजाज़त क्या लेना? मैंने तो वॉर्ड की आदत से अरबी में इतना ही पूछा था कि अंदर बैठोगे या बाहर।" पुढचं तिनं आपणहून सांगितलं. तीन दिवस चाचाच्या तोंडून ओरडण्याशिवाय काही निघत नव्हतं. वेदना थांबल्यावर त्यानं डोळे उघडले, मक्केच्या दिशेला वळवायला खुणावलं आणि कलमा म्हटला. "पूरा बोला, आराम से," ती म्हणाली. स्वतः ख्रिस्ती होती, पण त्या वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर तिला ते शब्द ओळखता येत होते.

परत येऊन फिटरला जसंच्या तसं सांगितलं. मरताना कलमा ओठांवर यावा, यासाठी ही माणसं जन्मभर दुवा मागतात. तो ओक्साबोक्शी रडला. पण गडी कोकणातला, सहजी पटवून घेईल तर शपथ! डोळे पुसत म्हणाला, "पण साहेब, न झडलेले गुन्हे राहिले असतील तर?"

मी म्हणालो, "हे बघ, तुझ्या धर्मातलं मला कळत नाही, माझ्यातलंही फारसं नाही. पण पट्ट्याखाली माणूस काय बोलतो, ते ठाण्यात पाहिलंय. खरं कोणी बोलत नाही. मारणाऱ्याला हवं ते बोलतो. ज्याला काम येत नाही, तोच पट्टा उचलतो. वरचा तपास अधिकारी इतका कच्चा असेल असं तुला वाटतं?"

त्यानं खिशातलं पाकीट काढून फोडलं. मग म्हणाला, "पाणी द्या हो साहेब. गोळी घेतो. लई दुखतंय."

परलोक आहे की नाही, मला अजून ठाऊक नाही. असला, तर बायको तिथे वेदनेशिवाय असावी, एवढंच मागणं आहे. दुःखाला काही हेतू असेलही, तो ज्यानं दिलं त्यानं सांगावा. बघणाऱ्यानं सांगू नये. हल्ली कोणी माझ्यासमोर म्हणालं, 'अमक्याचे भोग आहेत,' की मी एकच विचारतो, डॉक्टरला दाखवलं का?