शेल्टरमधल्या बाटल्या

गावातल्या बायांनी हातभट्ट्या फोडायला सुरुवात केली तेव्हा सगळ्यात पुढे माझी थोरली बहीण होती. ओढ्याच्या काठाला काळ्या गुळाचं आणि नवसागराचं रसायन पिंपांत भरून पुरलेलं असायचं. ताई पहार घेऊन जायची आणि एका घावात पिंप फोडायची. एकदा भट्टीवाल्याने तिला केस धरून ओढ्यात लोळवलं, पाठीत काठ्या घातल्या. ती उठली आणि त्याच्या गुडघ्यावर पहार घातली. तो माणूस पुढे कायम लंगडत चालला.

हे सगळं कशासाठी, ते आमच्या घरात कुणाला विचारावं लागत नव्हतं. वडील पिऊन यायचे आणि आईला मारायचे. पट्ट्याने, चपलेने, हाताला येईल त्याने. ताई मध्ये पडली की तिला मारायचे. मी सगळ्यात धाकटा. ती मला धान्याच्या कणगीमागे ढकलायची आणि म्हणायची, "कान झाक." मी झाकायचो. आवाज यायचाच. वडील रक्ताच्या उलट्या होऊन गेले तेव्हा ताईने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

मला तिनेच शिकवलं, म्हशी पाळून, डेअरीला दूध घालून. मी केमिकल इंजिनिअर झालो, सिंगापूरला आलो, पाणी शुद्ध करण्याच्या संशोधनात रमलो. आता आम्ही तिथल्या चोआ चू कांग भागात राहतो. बायको नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, मुलगी सेकंडरी स्कूलमध्ये.

आणि मी घरी बिअर करतो. ताईला हे सांगायचं धाडस मला कित्येक वर्षं झालं नव्हतं.

पिण्यात मला फारसा रस नाही. मला ती होताना बघायला आवडते. मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं माल्ट दळून कढत पाण्यात भिजवायचं, पाण्याचं तापमान हलू द्यायचं नाही. उकळीत हॉप्सची फुलं पडली की फ्लॅटभर कडवट, गवती वास सुटतो. मग यीस्ट. इथल्या उकाड्यात यीस्ट पिसाळतं आणि पिसाळलेल्या यीस्टची बिअर नेलपॉलिश रिमूव्हरसारखी लागते. म्हणून मी जुना फ्रिज आणून त्याला तापमान राखणारं यंत्र जोडलं होतं. मधाची दारू, मीड, त्याहून हट्टी. ती महिनोन् महिने एका कोपऱ्यात बसून राहते आणि घाई केली की सूड उगवते. माझ्या एका मीडला इथल्या हौशी लोकांच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा मी लॅबमधल्या शोधनिबंधापेक्षा जास्त खूश झालो होतो.

मग ताईचं सिंगापूरला यायचं ठरलं. पहिल्यांदाच. हॉलमध्ये फ्रिज घुमत होता, आत बिअर बुडबुडत होती. अजून आठवडाभर तरी तिला हात लावायला नको होता. मी लावला. फेस धरायला साखर घालून काचेच्या बाटल्यांत भरली, बुचं ठोकली आणि सगळं सामान शेल्टरमध्ये कोंबलं. इथे सिंगापूरला जवळजवळ प्रत्येक नव्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची, लोखंडी दाराची अशी एक खोली असते, बॉम्ब पडला तर लपायला. लोक त्यात सुटकेसी आणि तांदूळ ठेवतात. मी माझी बिअर आणि दोन मोठ्या काचेच्या बरण्यांतलं मीड ठेवलं. दार लावलं.

बायको म्हणाली, "सांगून टाक ना त्यांना. तू काही पिऊन कुणाला मारत नाहीस."

"तिला तेवढं पुरत नाही," मी म्हणालो.

ताई आली. मुलीला घेऊन रोज खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, जायची, कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, प्यायची, चिनी म्हाताऱ्यांशी मराठीत बोलायची. मजेत होती. रविवारी दुपारी आम्ही जेवत होतो. ताईने स्वतः भाकरी थापल्या होत्या. पहिला आवाज आला तेव्हा तिच्या हातातला तुकडा ताटात पडला.

शेल्टरच्या बंद खोलीत तो आवाज बंदुकीच्या बारासारखा घुमला. मग दुसरा. मग एका बाटलीने शेजारची फोडली, तिने तिसरी, आणि लोखंडी दारावर आतून काचा आदळायला लागल्या. मुलगी टेबलाखाली शिरली. मला एका क्षणात सगळं कळलं. यीस्टला साखर मिळाली होती, ऊब मिळाली होती आणि बाहेर पडायला जागा नव्हती.

"दार उघडू नकोस!" मी ओरडलो. पण ताई संकटापासून लांब पळणारी बाई नव्हतीच. तिने कडी फिरवली.

वास बाहेर आला. आंबलेला, गोडूस, उबट. तिचा चेहरा बघता बघता बदलला. माझ्या हॉप्सची फुलं, माझं तापमानाचं यंत्र, त्यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचलं नाही. तिच्या नाकाला ओढ्याकाठचं पिंप सापडलं होतं.

"घरात दारू गाळतूस व्हय रं?" ती हळूच म्हणाली.

"गाळत नाही ताई. ही बिअर आहे, मी नुसता छंद म्हणून..."

तिने माझ्या कानाखाली मारली. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला, बायकोमुलीसमोर. मग किचनमध्ये गेली आणि लोखंडी बत्ता घेऊन आली. मीडची पहिली बरणी तिने एका घावात फोडली. वर्षभर जपलेलं मीड तिच्या पायांवरून हॉलमध्ये वाहत आलं. मी तिला मागून मिठीत धरलं. तिने कोपर मारलं, माझा ओठ फाटला, तोंडात रक्ताची खारट चव आली. तिने दुसऱ्या बरणीवर बत्ता उचलला आणि मी तिची दोन्ही मनगटं धरली, पिरगाळली आणि सगळा जोर लावून तिला लोखंडी दारावर आपटलं.

डोकं आपटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. ती घसरून खाली काचांवर बसली. सावरायला टेकवलेला उजवा हात काचेत गेला. अंगठ्याच्या मुळाशी काच खोल रुतली होती. रक्त भळभळा वाहायला लागलं. मी अजून तिचं दुसरं मनगट सोडलं नव्हतं. बायको माझी कॉलर धरून मला मागे ओढत होती.

"Papa, stop! Stop lah!" मुलगी किंचाळत होती.

मी हात सोडला.

बायकोने टॉवेल दाबून ताईचा हात वर धरला आणि अँब्युलन्स बोलावली. त्याआधी दारात पोलीस आले. स्फोटांचे आवाज ऐकून शेजाऱ्यांपैकी कुणीतरी फोन केला होता. दोघं होते, एक मलय, एक चिनी, दोघंही तरुण. त्यांनी हॉलमधलं रक्त पाहिलं, माझा ओठ पाहिला, भिंतीला टेकून बसलेली ताई पाहिली.

"हू डिड धिस टू यू, आंटी?" मलय पोलिसाने वाकून विचारलं.

मुलीने मराठीत सांगितलं, "आत्या, ते विचारतायत, कोणी केलं." आणि तिने माझ्याकडे पाहिलं. ती खोटं बोलणार नव्हती, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाटली फुटली म्हण."

 मुलगी पोलिसाकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "शी सेज द बॉटल बर्स्ट." त्यातलं 'सेज', म्हणजे 'असं ती म्हणते', तिने स्पष्ट, ठासून म्हटलं. पोलिसाने ते ऐकलं. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बिअरबद्दल विचारलं. मी सांगितलं की विकत नाही, घरापुरती करतो. घरापुरती करायला इथे बंदी नाही, हा कायदा त्याला माहीत होता. काळजी घ्या, काच वापरू नका, म्हणाला. ताईसाठी मुलीने तेही मराठीत सांगितलं.

"पोलीसच परवानगी देतात?" ताईने विचारलं. रक्ताने भिजलेला टॉवेल छातीशी धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. "किती हप्ता देतोस रं यांना?"

हॉस्पिटलात डॉक्टरांनी अंगठा वाकवणारी तुटलेली शीर जोडली. डोक्याला टेंगूळ होतं, आत काही इजा नव्हती. 

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. मुलगी माझ्याशी बोलत नव्हती, आत्याची वेणी घालून, तिला भरवून शाळेत गेली. बायको कामाला गेली. घरात आम्ही दोघंच. दुपारी ताई सोफ्यावरून म्हणाली, "हाय का काही शिल्लक?"

किचनच्या फ्रिजमध्ये मीडची एक जुनी बाटली होती.

"आण. माझ्यासमोर पी."

"ताई, नको."

"पी म्हणते ना. मला बघायचंय तुझ्यातून काय निघतं."

मी ग्लास भरला आणि समोरच्या खुर्चीवर बसून प्यायलो.  ती माझ्या चेहऱ्यावरची नजर हलवत नव्हती. लहानपणी वडील दारात दिसले की ती असंच बघायची, आज किती झालीय, कुठे बसलं तर हात लागणार नाही. दुसरा ग्लासही तिने प्यायला लावला. माझे कान गरम झाले. मला रडू यायला लागलं, बाकी काही झालं नाही.

"बास?" तिने विचारलं. "एवढंच व्हतं तुला?"

"एवढंच."

तिने बँडेज बांधलेला हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "बा शुद्धीवर आला की त्याला काही आठवायचं नाही. मी समजत आले, मारते ती दारू. म्हणून फोडत सुटले आयुष्यभर." तिने माझ्याकडे बघितलं. "काल तू तर थेंबभर प्याला नव्हतास."

 मी पाया पडायला वाकलो तर तिने पाय मागे घेतले. "उठ," म्हणाली. "आधी पोरीशी बोल."

मुलीशी बोलायला मला बरेच दिवस लागले. ती ऐकून घेते, पण मी आवाज चढवला की खोलीतून उठून जाते. ताई टाके निघाल्यावर परत गेली. विमानतळावर तिने बायकोला जवळ घेतलं, मुलीला घेतलं, माझ्या डोक्यावरून डाव्या हाताची बोटं फिरवली. गावात तिने सगळ्यांना बाटली फुटल्याचंच सांगितलं आहे.

मी वर्षभर काही केलं नाही. मग पुन्हा सुरू केलं, आता स्टीलच्या पिंपांत, कुणापासून न लपवता. ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तुझं तू बघ."

तिचा उजवा अंगठा पूर्ण वाकत नाही. म्हशीची धार तिला चार बोटांनी काढावी लागते, आणि डिसेंबरच्या सुट्टीत माझी मुलगी तिच्या हाताखाली धार काढायला शिकायला गेली.